उल्सूनचं दुखणं

आमच्या दोक्सूची गोष्ट सांगायची तर आधी माक्रे वहिनीचं वाचन सांगायला हवं. जोल्ला किनाऱ्यावरच्या आमच्या गावात बाप्तिस्मा हवा तर वाचता आलंच पाहिजे, असा जुना दंडक. पाळकसाहेब पवित्र शास्त्राचं पान पुढे धरायचे. अडखळलात की पुढच्या वर्षी या. माक्रे वहिनी चिखलातून शिंपल्या काढून यायची आणि त्याच हातांनी अक्षरं गिरवायची. चाळिशीत पास झाली, तेव्हा गावभर तांदळाचे वडे वाटले तिनं! त्यामुळे आमच्या बायकांच्या लेखी वाचणं म्हणजेच मानणं. खोटं बोलायला तोंड पुरतं, त्यासाठी छापखाना कोण काढेल, असं वहिनी म्हणायची.

दोक्सू माझा शाळासोबती. तो मोक्पो शहरात शिकला, मास्तर होऊन गावात परतला आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकात दर अंकाला थोडी थोडी कादंबरी लिहू लागला. माझ्या आईला वाटायचं, पाळक व्हायचं राहून गेलं म्हणून हा हे करतो. तोही हसून म्हणायचा, खरंच आहे काकू.

त्याच्या कादंबरीत उल्सून नावाची एक शिंपलेवाली विधवा होती. तिच्या पोटात गाठ झाली. तो अंक आला आणि पहाटेच्या प्रार्थनेत पाळकांनी आजाऱ्यांची नावं विचारली, तशी वहिनी उठून म्हणाली, उल्सूनबाईचंही घ्या, फार त्रासात आहे बिचारी. पाळकांना वाटलं, शेजारच्या मंडळीतली कुणी असेल. आम्ही सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतो, समुद्राची गाज ऐकू येत नाही. त्या गलक्यात उल्सूनचं नाव वर गेलं. दोक्सूनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. हसू दाबता दाबता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे पाळकांना उमगलं, पण तोवर सगळं गाव तिच्यासाठी गुडघ्यावर आलेलं. नाव काढायचं तर काय सांगून काढायचं?

आमचं हसू किमचीच्या दिवसांत, थंडीआधी घरोघरी कोबी मुरवत घालतात तेव्हा, संपलं. वहिनीच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टरनं मुलाला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मुलानं आईला सांगितलं की पोटाला सूज आहे. आमच्याकडे असंच करतात, आजाऱ्याला दुखण्याचं नाव कळू देत नाहीत. सून, पाळक, मी, सगळे सूज सूज करत बसलो. वहिनी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "उल्सूनचं काय होतं ते बघू. तिचं कळलं की माझं कळेल."

दोक्सू माझ्या ओसरीवर येऊन बसला. समोरचा बार्लीचा चहा निवून गेला. उल्सून मरणार हे त्याला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.

"प्रार्थनेत मी मागतो आणि लिहिताना ऐकतो," तो म्हणाला. "आजवर दोन्ही आपापल्या जागी होतं. आता पहाटे वहिनीला वाचव म्हणून मागतो, आणि लिहायला बसलो की उल्सून मरताना ऐकू येते. मी देवाशी खोटं वागतो ते नेमकं केव्हा, सांग."

मी काय सांगणार, सहावी पास माणूस! म्हटलं, वाचव की लेका, तुझ्या बापाचं काय जातंय.

त्यानं वाचवली.

अंक आला तेव्हा वहिनीला उशीला टेकवून बसवलं. ओळीखाली बोट धरून तिनं मोठ्यानं वाचलं. गाठ विरली, उल्सून उठली, टोपली घेऊन चिखलात निघाली. सून डोळे पुसत आमेन म्हणाली. वहिनीनं मासिक मिटलं.

"ही भांडली कशी नाही रे, दोक्सू?"

"कोण, वहिनी?"

"उल्सून. शास्त्रात माणसं बरी होण्याआधी देवाशी भांडतात, उशीर का केलास म्हणून विचारतात. ही नुसतीच उठली." मग हळू आवाजात म्हणाली, "भ्यालास तू. मेली होती ना ती?"

दोक्सूनं मान डोलावली.

"घरात सगळे माझ्याशी गोड बोलतात. चालवून घेते, लेकरं आहेत. म्हटलं, छापलेलं तरी सरळ बोलेल."

पुढच्या अंकात जसं ऐकू आलं तसंच लिहितो, असं तो घाईनं म्हणाला. वहिनी हसली.

"आता ते तरी कसं मानू? तेही माझ्याकडे बघूनच लिहिशील."

तिनं मासिक त्याच्या हातात दिलं आणि कुशीवर वळली. शास्त्र उशाशीच होतं. ते तिनं पुन्हा उघडलं का, हे सुनेला विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

बार्ली पिवळी व्हायच्या आत ती गेली. गावानं आपला अर्थ लावला तो असा की, मास्तर ज्याला गोष्टीत लिहितो तो बरा होतो. उल्सूनला लिहिलं, ती उठली. माक्रे वहिनीला लिहायचं राहिलं.

मग लोक येऊ लागले. होडीवाला चांग म्हातारा सुक्या माशांची माळ घेऊन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्याच्या नातवाला झटके यायचे. दोक्सूनं त्याला खूप समजावलं, की गोष्टीतलं सगळं माझ्या मनचं असतं, माझ्या लिहिण्यानं कुणी बरं होत नाही. म्हातारा मान हलवत होता. बरं करणारा देव, हे त्याला ठाऊक होतं. फक्त आपल्यासारख्याचं बोलणं त्याच्यापर्यंत जात नाही, छापलेलं जातं, एवढंच त्याचं म्हणणं.

दोक्सूनं माळ परत करायला हात पुढे केला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी ती मागे ढकलली.

"फार नको, मास्तर," तो म्हणाला. "दोन ओळी चालतील."