बन्सीचा दगड

तिसगावात कुणी विहिरीवरची मोटार बंद करायची विसरलं, दुधाखालचा गॅस विसरलं, की लोक म्हणतात, "केला का बन्सीचा दगड!" म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना बन्सी कोण हे ठाऊक नाही, आणि दगड कसला हेही ठाऊक नाही. म्हणीला काय, जीभ मिळाली की झालं. पण हे शब्द कानावर आले की गावातला एक माणूस हातातला चहा तसाच ठेवून उठतो. तो मच्छिंद्र मिस्त्री.

मच्छिंद्रचं गॅरेज पाथर्डी रस्त्याला, थोड्या उतारावर. वय साठीच्या पुढं. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो हे रोजचं रहाटगाडगं. पण नगर-शिर्डीपासून लोक त्याला शोधत येतात ते ऑटोमॅटिक गाड्यांसाठी. क्लच नसलेल्या, आपले गिअर आपणच बदलणाऱ्या जुन्या परदेशी गाड्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांचा गिअरबॉक्स खोलायची छाती असलेले मिस्त्री त्याहून कमी. हे काम तो आणि बन्सी नगरला एकाच उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकले, आणि मग दोघांनी मिळून तिसगावात पत्र्याची शेड टाकली. मच्छिंद्रचं डोकं आणि बन्सीचा हात, असं गिऱ्हाईक म्हणायचं. बन्सी त्याच शेडपुढं गाडीखाली चिरडून मेला, त्याला यंदा बावीस वर्षं होतील.

गणपती उठले आणि पितृपाठ लागला, त्याच आठवड्यात एका ट्रकवर लादून ती गाडी परत आली.

पिस्ता रंगाची, लांबलचक, अमेरिकन. नगरच्या यज्ञेश्वर वकिलांची. वकील उन्हाळ्यात गेले. गाडीबरोबर त्यांची लेक भार्गवी आली होती. ती म्हणाली, "काका, बावीस वर्षं ताडपत्रीखाली होती. मी सुरू केली, छान चालते. पण सकाळी पाहावं तर खाली लाल तेलाचं थारोळं. आप्पा म्हणायचे, हिला हात लावावा तर मच्छिंद्रनंच."

नाही म्हण, मेल्या, नाही म्हण! असं मन ओरडत होतं, आणि तोंडातून निघालं, "ठेवून जा."

इंजिनाचं तेल काळं असतं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लालभडक. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर फरशीवर ताटाएवढा लाल डाग. मच्छिंद्रनं त्यावर भुसा टाकला, झाडला, फरशी रॉकेलनं पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच, त्याच जागी. डाग नेमका कशाखाली पडतो हे त्याला वाकून न बघताच ठाऊक होतं. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला गिअरचा दांडा आत शिरतो. तिथलं सील बसवायला बन्सी शेवटचा आडवा झाला होता. अर्धवट राहिलेलं काम, गळणारच, असं मच्छिंद्रनं मनाशी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर त्या जागेकडं फिरकला नाही. मागचं सील बदललं. थंड करणाऱ्या नळीचे जोड आवळले. म्हणजे दुखणं पोटात आणि लेप गुडघ्याला.

भर दुपारी, उन्हानं पत्रा कडकड वाजत असताना, गाडीखालनं दोन पाय बाहेर आलेले दिसायचे. टाचा भेगाळलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख काळं. मच्छिंद्र डोळे चोळायचा आणि तिथं नुसता जॅकचा दांडा असायचा. एकदा तर खाली पाठीवर सरकताना त्यानं सवयीनं हात लांब केला आणि म्हणाला, "बन्सी, तेरा नंबरचा पाना दे." म्हणाला आणि तसाच सरकत बाहेर आला. भुताला भीत नव्हता तो. बन्सी मागत काही नाही, याची त्याला भीती होती.

मागितलं असतं तर काय मागितलं असतं, ते ऐका.

त्या वर्षी खंडेनवमीला रिवाजाप्रमाणं हत्यारं पुजली आणि काम थांबलं. ही गाडी अर्धी खोललेली होती. गिअरचा दांडा सोडवलेला, त्यामुळं चाकं गिअरनं अडायची सोय नाही, हँडब्रेक नावाला. उतारावर तिला धरून होता तो पुढच्या चाकाखाली बन्सीनं लावलेला एक काळा दगड. दसऱ्याला सकाळी मच्छिंद्रनं गाड्यांची पूजा केली. हार, हळदकुंकू, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. लिंबाच्या जागी दगड होता. मच्छिंद्रनं तो काढून भिंतीशी ठेवला आणि लिंबू ठेवलं. गाडी हलली नाही. मग कुणीतरी आपट्याची पानं घेऊन आलं, गळाभेट झाली, आणि तो सोनं वाटायला गावात गेला. बन्सीला दम कुठला! दसरा म्हणजे मुहूर्त, म्हणत तो गाडीखाली शिरला. दगड आपण स्वतः लावलाय, या भरवशावर. वर झेंडूचे हार लोंबत होते, चाक कुठं दिसणार? खालून गिअरचा दांडा ओढला आणि गाडी सुटली.

मच्छिंद्र धावत आला तेव्हा भिंतीशी दगड दिसला. लोकांनी विचारलं, "कसं झालं रं?" आणि तो म्हणाला, "दगड लावायचा राहिला त्याचा."

एवढंच एक वाक्य. ठरवून नव्हतं बोललेलं, पण परत घेतलंही नाही. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. बाराव्यापर्यंत गावात म्हण झाली. आणि मेलेला माणूस काय येऊन सांगणार!

बन्सीची बायको रंगुबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून जगली. पहिल्याच दिवाळीत तिनं मच्छिंद्रला भाऊबीजेला बोलावलं. मच्छिंद्रला ना सख्खी बहीण, ना बायको टिकली, ना पोर. बावीस भाऊबीजा तो तिच्या पाटावर बसला. तिचा मुलगा हर्षल त्याला मामा म्हणतो. गावात त्याला स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच दार.

नवऱ्यावर मात्र रंगुबाईचा राग. पितृपाठात त्याचं पान वाढायची तेही फणकाऱ्यानं. "खा, आन् तिकडं तरी नीट बघून चाल," असं कावळ्यासाठी ठेवलेल्या वाडीला म्हणायची. फोटोला तिनं कधी हार घातला नाही. आणि हर्षल? शाळेत पोरांनी त्याला 'दगड' नाव पाडलं. आता चाकणला कंपनीत आहे, तीस वर्षांचा गडी, पण गाडी शिकला नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा परत येऊन ओढून बघतो. म्हणतो, "आमच्या रक्तातच हाय मामा, येंधळेपणा." मामा मान खाली घालून फराळाची करंजी खातो. अशी करंजी गळ्याखाली कशी उतरत असेल, त्याचं त्याला ठाऊक.

चौथ्या दिवशी भार्गवीचा फोन आला, "सापडलं का काका, कुठून गळतंय?" मच्छिंद्र म्हणाला, "आज सांगतो." आता पळवाट नव्हती. उस्तादानं शिकवलेला उपाय त्यानं केला. गिअरबॉक्सचं बूड रॉकेलनं धुऊन कोरडं केलं, त्यावर तोंडाला लावायची पावडर फुंकली, पुढंमागं दोन्ही चाकांना दगड लावले, गाडी चालू केली आणि बॅटरी घेऊन खाली शिरला. पांढऱ्या पावडरीवर तेलाची लाल रेघ जिथून निघते, तिथं गळती.

आधी त्यानं बन्सीची जागा बघितली. पावडर कोरडी ठाक. बोट फिरवलं, तर बोटाला तेलाचा ओशटपणासुद्धा नाही. दांड्याभोवती बन्सीनं जुन्या मोटेच्या चामड्यातून कापून, तेलात मुरवून बसवलेला वायसर होता. काठ असा कापलेला, की कारखान्यातून आलाय म्हणावं. काम अर्धवट नव्हतंच. बावीस वर्षं एक थेंब सुटला नव्हता.

लाल रेघ वीतभर खालून निघत होती. तळाच्या पत्र्याचा एक बोल्ट. मच्छिंद्रला तो बघताक्षणी ओळखीचा वाटला. बन्सीच्या तिसऱ्या दिवशी वकिलांनी निरोप धाडला होता, खोललेली गाडी जोडून परत दे. तेव्हा त्यानं एकट्यानं घाईघाईत तळ चढवला, बोल्ट पिळता पिळता आटे सोलले, आणि त्यावर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, थापून त्यानं गाडी वाटेला लावली. गळत होतं ते मच्छिंद्रचं काम होतं.

तो गाडीखाली पडल्या पडल्या हुंदके देऊन रडला. "बन्सी, लेका, तुजं काम चोख हुतं रं," असं मोठ्यानं म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

मग उठला. तळ उतरवला, भोकाला नवे आटे पाडले, नवं बुचाचं पॅकिंग बसवलं, बोल्ट हातानं अंदाज घेत घेत आवळले. बन्सीच्या वायसरला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी होती. भार्गवीला फोन करून म्हणाला, "गाडी घेऊन जा. चूक माझी हुती, मजुरी न्हाई घ्यायची." आणि अंगावरच्या तेलकट कपड्यानिशी रंगुबाईच्या घरी गेला.

ती शाळेतून येऊन तांदूळ निवडत बसली होती. "ये दादा. आज अवेळी?"

मच्छिंद्र उंबऱ्याच्या बाहेरच बसला. म्हणाला, "रंगूताई, बन्सीनं दगड लावला हुता. लिंबू ठेवायला मी काढला. परत लावला न्हाई. आन् गावाला खोटं सांगितलं."

रंगुबाईचा हात ताटात तसाच राहिला. मच्छिंद्रला वाटलं, ओरडेल, ताट फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यानं लावला हुता?" एवढंच तिनं विचारलं.

"व्हय."

"तुमी बघितला हुता?"

दादा गेला आणि 'तुमी' आलं. मच्छिंद्रच्या ते लगेच ध्यानात आलं. "ह्या हातानं काढला," तो म्हणाला.

तिनं कोनाड्यातला मोबाईल घेतला, हर्षलला लावला, मच्छिंद्रचं नाव सांगितलं आणि फोन मच्छिंद्रसमोर धरला. "मला सांगून काय उपेग? त्याला सांगा."

पलीकडून कंपनीची घरघर आणि हर्षलचा हसरा आवाज आला, "बोला मामा! आज आईकडं कसं काय?"

मच्छिंद्रनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडला नाही, माफी मागितली नाही, कारण मागायला तोंडच नव्हतं. मग हर्षल म्हणाला, "आईला द्या."

रंगुबाईनं फोन कानाला लावला. "ऐकलंस?" ती म्हणाली, आणि बावीस वर्षांत नवऱ्यासाठी न रडलेली ती बाई मोठ्यानं रडायला लागली. "म्या त्याला जेवतानासुद्धा बोलले रं, हर्षल! पानावर बसवून बोलले! लई शहाणा हुता तुजा बाप!"

मच्छिंद्र उठला. पायात चपला घालत होता, तेव्हा ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "मिस्त्री."

तो थांबला.

"गावात सांगा. पारावर, सगळ्यांच्या देखत. आन् भाऊबीजेला येऊ नका."

"बरं," मच्छिंद्र म्हणाला, आणि पाराकडं चालू लागला.