धाकट्या भावाची सही

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि सिंगापूरच्या आंग मो किओ भागात लेकाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकून पडलो होतो. कोंडलं कुणी नव्हतं. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चुकलो, तेव्हापासून लेक म्हणे, "बाबा, एकटे लांब जाऊ नका." इंग्रजी पाट्या मला वाचता येत नाहीत आणि रस्ता विचारणं स्वभावात नाही. मग खाली जायचं, बाकावर बसायचं, वर यायचं.

सून पाया लेबार भागात एका संस्थेत कामाला. संस्था सरकारी पैशावर चालते. दुसऱ्या देशांत लढाया, दंगली का पेटतात आणि त्या आधीच कशा थांबवाव्यात, याचा तिथे अभ्यास करतात. मी तिला चिडवायचो, "जगाची भांडणं मिटवता, आधी माझं नि तुझ्या नवऱ्याचं मिटव."

"ते आमच्या संस्थेच्या आवाक्याबाहेर आहे, बाबा," ती म्हणायची.

मी चौथी शिकलेला, पण गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. हे तिला ऐकवल्याशिवाय राहवलं नाही. बांधावरून दोन भावांचं वीस वर्षांचं वैर मी एका बैठकीत मिटवलं, असं सांगितलं. तिने वही काढली, तसा मी आणखी फुललो.

त्यावर तिने मोठा लेख लिहिला. तो तिच्या साहेबांना आवडला. परदेशी पाहुणे येणार, त्यांच्यापुढे मी बोलायचं आणि तिने इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी जेवताना तिने तो लेख मला मराठी करून वाचून दाखवला. "दोन्ही भावांनी स्वखुशीने सह्या केल्या." तिथे थांबली. "बरोबर ना, बाबा? खाली माझं नाव आहे. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

घास तोंडातच फिरत राहिला. त्या दोघांतल्या धाकट्याच्या ओट्यावर बसून मी म्हणालो होतो, सही कर, नाहीतर तुझ्या पोरीच्या लग्नाला गावातलं माणूस फिरकणार नाही. गाव तंटामुक्त ठरायला तेवढंच एक प्रकरण अडलं होतं. त्याने सही केली. दिवाळीनंतर त्याच बांधावर त्याने थोरल्याच्या डोक्यात फावडं घातलं. थोरला अजून खाटेवर आहे, बोलत नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

लेक म्हणाला, "उद्या थोडक्यात आवरा हं, बाबा. ती गावची बैठक नाही."

एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी ताट उचललं आणि उठलो.

सकाळी टोपी घालून सुनेबरोबर निघालो. स्टेशनावर गाडी आली, तर मी बाकावर बसलो.

"बाबा, उशीर होतोय."

"ही जाऊ दे. बस आधी."

ती बसली. मी ओट्यापासून फावड्यापर्यंत सगळं सांगितलं, माझ्या तोंडचे शब्द न बदलता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून कागद काढले आणि ती ओळ खोडली.

"आता हे पाहुण्यांना कोण सांगणार?"

"मीच. तू फक्त इंग्रजी कर," म्हणालो आणि पुढच्या गाडीत चढलो.