एक्स्टर्नल

फार्माकॉलॉजीच्या एम.फार्म.ला शेवटी थिसिस असतो आणि त्याची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायला दुसऱ्या कॉलेजातून एक मास्तर येतो. त्याला एक्स्टर्नल म्हणतात. त्या दिवशी कॉलेजात त्याच्याइतका लाडका माणूस नसतो. आल्या आल्या पाणी, मग चहा, मग "सर, जेवायला व्हेज का नॉनव्हेज?" आदल्या दिवशी गाईडचा फोन येतो आणि त्यात एक वाक्य हमखास असतं, "जरा सांभाळून घ्या." दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांसाठी मीही ते कुणाला तरी म्हणतो. त्यात वशिला नसतो. पोरं घाबरतात, एवढंच.

कल्याणच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा पलीकडे माझीच एम.फार्म.ची बॅचमेट होती.

"अरे, तू येतोयस? बरं झालं. यंदा थिसिसला एकच मुलगी आहे माझ्याकडे. काम प्रामाणिक आहे, फक्त बोलताना गडबडते. सांभाळून घे रे. तिला नोकरी लागलीय, पुढच्या आठवड्यात जॉईन व्हायचंय. निकाल हातात नसेल तर ते घेणार नाहीत."

"हो हो, बघू," म्हणून मी फोन ठेवला, आणि मला फार बरं वाटलं. कशाने, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा माझा एक सेमिनार होता. आठवडाभर घोकून मी तो धडाधड म्हणून दाखवला. शेवटी या बॅचमेटने मागच्या बाकावरून साधा प्रश्न विचारला : किडनी खराब असलेल्या पेशंटला या औषधाचा डोस कमी का करायचा? उत्तर मला येत होतं. तोंडातून निघालं नाही. ती म्हणाली, "पाठ केलेलं संपलं वाटतं." वर्ग हसला. सरसुद्धा हसले. ती बहुधा चहाला जाईपर्यंत विसरलीही असेल. पुढे ती पीएच.डी. झाली, विभागप्रमुख झाली. मी ठाण्यात त्याच त्या तुकड्यांना तेच ते शिकवत राहिलो, आणि तिचं नाव कुठे छापून आलं की मला ते वाक्य ऐकू यायचं. अर्धं आयुष्य मी एका वाक्याचा राग धरला. लिहिताना ते हास्यास्पद दिसतं. आतून ते तसं नव्हतं.

व्हायवाची मुलगी डोंबिवलीजवळच्या कोपरची, कोळ्यांची. आई डोंबिवली वेस्टला मासळी घेऊन बसते. हॉलमध्ये टेबलावर फुलांच्या शेजारी स्टीलचा डबा होता.

"आईने जिताडा पाठवलाय सर, तुमच्यासाठी," ती म्हणाली. "सकाळीच केलाय."

खाडीत जिताडा आता सहज घावत नाही. घावला तर त्या घरांतून तो पाहुण्यासाठी राखतात.

तिचा विषय वेदनाशामकाचा होता. एका पाल्याचा अर्क उंदरांना द्यायचा आणि मग एकेकाला तापलेल्या पत्र्यावर ठेवायचं. उंदराने मागचा पाय चाटला किंवा उडी मारली की स्टॉपवॉच बंद. औषध लागू पडलं असेल तर तो जास्त वेळ टिकतो.

"डोस कोण देत होतं?" मी विचारलं.

"मीच, सर."

"आणि स्टॉपवॉच कोणाकडे?"

"ते पण... माझ्याकडेच."

"म्हणजे कुठल्या उंदराला औषध गेलंय ते तुला माहीत. आणि त्याने पाय कधी चाटला तेही ठरवणार तूच. वा!"

"सर, माझी पार्टनर होती. तिला कावीळ झालेली, मग मी एकटीच..."

"कावीळ थिसिसमध्ये लिहिलीस का?"

मागे बसलेली ज्युनियर पोरं हसली. त्या हसण्याची मला चव लागली.

"सर, ते आम्ही मर्यादांमध्ये नमूद केलंय," तिची मॅडम म्हणाली. चारचौघांत ती मला सर म्हणत होती.

"मॅडम, मी कँडिडेटला विचारतोय."

चूक खरी होती, ती मी रचली नव्हती. पण हाताशी माणूस नसतो तेव्हा आमच्याकडे सर्रास असंच होतं. महिन्याभरापूर्वी माझ्याच विद्यार्थ्याचा थिसिस याच चुकीसकट पास झाला होता. त्याच्या एक्स्टर्नलने सांभाळून घेतलं होतं.

मग मी तिला सोपं म्हणून विचारलं, "कट-ऑफ कशासाठी ठेवतो आपण? ठरलेली वेळ झाली की उंदीर नुसता उभा असला तरी उचलायचाच. का?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्याच्यापुढे ठेवून काही कळत नाही, सर. नुसता पाय भाजतो."

मला तेव्हा काही कळलंच नाही, असं लिहायचा मोह होतो आहे. कळलं होतं. तिला बहुतेक तसं काही म्हणायचं नव्हतं, ती फक्त बरोबर उत्तर देत होती. तिथेच "छान" म्हणून उठता आलं असतं. मी पान उलटलं आणि तिला किडनीचा प्रश्न विचारला. तोच.

तोवर तिच्या डोक्यातलं सगळं उडालं होतं.

"पाठ केलेलं संपलं वाटतं," मी म्हणालो आणि मॅडमकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीही उमटलं नाही. ते वाक्य तिच्या लेखी कधी झालंच नव्हतं. त्याने माझा राग ओसरायला हवा होता. उलट तो भडकला.

जेवताना मी जिताडा खाल्ला. कालवण दोनदा घेतलं. मग शेरा लिहिला : प्रयोगाचा हा भाग पुन्हा करून थिसिस नव्याने सादर करावा.

"अरे, पुन्हा उंदीर म्हणजे पुन्हा एथिक्स कमिटीची परवानगी," मॅडम हलक्या आवाजात म्हणाली. आता खोलीत आम्ही दोघंच होतो. "सहा महिने जाणार. पोरीची नोकरी जाईल रे."

"मी काय करू? सायन्स आहे हे."

"माझ्यावर कसला राग आहे का तुझा?"

"तुझा काय संबंध इथे?" मी म्हणालो आणि पेनाला टोपण लावलं.

नवा थिसिस तयार झाल्यावर सहीसाठी ती मुलगी ठाण्यात वर्तकनगरला माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी उभीच राहिली. मी सही केली. नोकरीचं विचारलं.

"ती तेव्हाच गेली ना, सर. आता खोपटला मेडिकलच्या दुकानात असते."

माझ्याने राहवलं नाही. किंवा मला हलकं व्हायचं होतं, असं म्हणणं जास्त खरं. "ऐक, तुझा थिसिस अडवण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझं आणि तुझ्या मॅडमचं जुनं काहीतरी होतं. माझ्या बाजूने. ते मी तुझ्यावर काढलं."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर "जाऊ दे, सर" म्हणेल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही.

"मॅडम तेव्हापासून मला सॉरी बोलतायत," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, त्यांनीच नीट गाईड केलं नाही. यंदा त्यांनी एक पण मुलगी घेतली नाही, म्हणतात माझ्याच्याने होत नाही. मला कशाला सांगताय? त्यांना सांगा."

"सांगेन कधीतरी."

"आत्ता सांगा." तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मॅडम, सरांकडे आलेय. सही झाली. सरांना तुमच्याशी बोलायचंय." आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला.

"हां, बोल रे," पलीकडून आवाज आला.

मी बोललो. "काम आता व्यवस्थित झालंय. म्हटलं तुला कळवावं."

"थँक्स. आणि तू अडवलंस ते बरंच केलंस. माझंच लक्ष नव्हतं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. फोन तिने तसाच धरून ठेवला होता, हात जराही हलू न देता. मला वाटतं, ती मला वेळ देत होती.

"चल, ठेवतो मग," मी म्हणालो.

तिने थिसिस पिशवीत घातला. आतून बायकोने चहाचं विचारलं. "नको, काकू," ती म्हणाली, आणि आमच्या मजल्यावर लिफ्ट येऊन उभी होती तरी जिन्याने उतरून गेली.