वझे सरांचा आवाज

वझे सरांना राग आला की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा त्यांनी तो इतका वेळ पुसला की मलाच रडू आलं. मग म्हणाले, "आराम से. गंगा कुठे पळून चालली आहे? वही आण."

बुलढाण्याकडच्या एका लहान गावातून मी बनारसला शिकायला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. दुर्गाघाटावर सरांच्या वरच्या खोलीत मी राहायचो. सर शाळेत गणित शिकवत. एकेकाळी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, असं शेजारी सांगत. मला खरं वाटत नसे.

तो आवाज का बसला, ते सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी सर त्यांच्यावर ओरडले आणि त्याच दुपारी काकूंना रक्ताची उलटी झाली. पोटात अल्सर निघाला. "घर में टेंशन मत दीजिए," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून सरांनी आवाज चढवला नाही, काकूंनी मिरची खाल्ली नाही. दुखणं मात्र येत-जात राहिलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना ते फार वाढलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तपासलं. "पेट में कीटाणु हैं, मास्टर साहब. अल्सर उसी से है, आपके गुस्से से नहीं." चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, एकही चुकवायची नाही म्हणाल्या.

"सुटलात की हो!" वाटेत काकू हसल्या.

"ते आधीचेही डॉक्टरच होते," सर पुटपुटले.

सहाव्या दिवशी दुखणं थांबलं. गोळ्यांनी तोंड कडू होतं, म्हणून काकूंनी पाकीट बाजूला सारलं.

"घे ना," सर म्हणाले.

"बरी आहे मी आता."

सरांनी चष्मा पुसला. "अर्धवट सोडलं तर जंतू पुन्हा उठतील."

"उठू देत."

"घे म्हणतो ना ती गोळी!"

खिडकीतली कबुतरं उडाली. सर स्वतःच दचकले. ते काकूंच्या पोटाकडे बघत राहिले.

काकूंनी गोळी गिळली, वर पाणी प्यायल्या आणि थोडं थांबल्या. "बघा, काही झालं नाही."

"खरंच?"

"खरंच. चौदा दिवस झाले की मिरची आणा."

पुढच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. मी आता गावाकडे शिक्षक आहे. काकूंना फोन केला की मागून सरांचा आवाज येतो. कुणाला तरी ते गणित समजावत असतात, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.