गळांची जंग

लिंबाजी भोयाच्या हातात गळ आला की तो आधी त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचा आणि हलकेच ओढायचा. टोक नखात रुतलं तर गळ टोपलीत, घसरलं तर भंगारात. यात कुणाचीही भीड चालत नसे. एकदा पाटलांनी हौसेनं आणलेला गळ त्यानं त्यांच्यादेखत भंगारात टाकला. "पाटील, तुमी लई मोटे, पर गळ बोथट हाय," एवढंच म्हणाला.

निजामाच्या राज्यात गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावी मी मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. सगळं गाव लिंबाजीला मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. आमच्या डोहात मोठाले शिंगाळे मासे होते. गावच्या लोहाराचे गळ ते सरळ करून निघून जायचे. मामाचा धाकटा भाऊ किसन मुंबईकडे दर्यावर मासेमारीच्या होडीवर होता. सणाला येताना तो दर्यातले जाड गळ आणायचा आणि मामाचं वर्ष त्यावर निघायचं.

एका वर्षी किसन आला नाही. तो तापानं तिकडेच गेला, असा निरोप आला. त्याच्या सोबत्यानं त्याचे गळ एका पुडक्यात बांधून गाडीवानाबरोबर धाडले, पण ते कडा गावाच्या बाजूला, इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीवरच्या जकातनाक्यावर अडकले. वरच्या हुकमाशिवाय नाकेदार ते सोडेना.

मामा माझ्याकडे आला. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र ठणठणीत. "मानूस गेला, तितं इलाज न्हाई. पर त्याचे गळ अजून हायेत. खाऱ्या पान्यातनं काडून तसेच बांदलेत, रोज जंग चडत असंल. मास्तर, अर्ज लिवा."

आमच्या भागात गंजाला जंग म्हणतात. कचेरीचा कारभार उर्दूत, आणि मला माझ्या उर्दूची भारी घमेंड. ती मी कानानं शिकलो होतो, तिथंच घोटाळा झाला. उर्दूत लढाईलाही जंग म्हणतात, पण गंजाचा ज एका अक्षरानं लिहितात आणि लढाईचा दुसऱ्या. माझ्या मराठी कानाला दोन्ही सारखेच. मी झोकात लढाईचा लिहिला. अर्जाचा अर्थ असा झाला की नाक्यावर रोज जंग वाढते आहे, सरकारनं वेळीच हात घातला नाही तर काही शिल्लक राहणार नाही. खाली मामाचा अंगठा.

चौथ्या दिवशी दोन घोडेस्वार आले आणि अंगठेवाल्याला घेऊन गेले. मागोमाग छकड्यातून मी. कचेरीत पोलीस अमीनसाहेबांनी मामाला विचारलं, नाक्यावर एकंदर किती आहेत. मामा म्हणाला, पंचवीस-तीस असतील. सगळे हत्यारबंद काय, असं विचारल्यावर मामाला वाटलं, साहेब गळांचीच चौकशी करताहेत. "समदेच टोकदार हायेत साहेब," तो म्हणाला, "पर लौकर सोडवा."

अमीनसाहेबांनी कोठडीची किल्ली मागवली. माझ्या दीडशहाणपणापायी नुकताच भाऊ गेलेला माणूस गजाआड चालला होता, आणि त्याचे गळ तिकडे गंजून जाणार होते. मी कसाबसा पुढं होऊन म्हणालो की साहेब, ही जंग नव्हे, गंज आहे. उर्दूत गंज म्हणजे खजिना, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि तो कुठं पुरलाय म्हणून विचारलं.

एव्हाना शिपायानं किल्ली आणली होती. मामानं आम्हा दोघांकडं पाहिलं, किल्ली शिपायाच्या हातातून घेतली आणि साहेबांच्या कोऱ्या कागदावर घासली. तांबडी रेघ उठली. "ह्यो जंग, साहेब," तो म्हणाला. "माज्या भावाच्या गळांना लागलाय. अन् तुमच्या किल्लीलाबी."

साहेब पोट धरून हसले. त्यांनी माझा ज खोडून नीट लिहिला आणि नाकेदाराच्या नावे चिठ्ठी दिली.

पुडकं हातात आलं तेव्हा गळ एकमेकांना चिकटून लाल गोळा झाला होता. मला वाटलं, संपलं सगळं. मामानं तो गोळा चार दिवस नदीच्या गोड्या पाण्यात ठेवला, पाणी रोज बदललं. म्हणाला, आधी दर्याचा खार उतरू द्या, घाईनं घासलं की टोक जातं. मग चिंचेचा कोळ, राख आणि शेवटी करडईचं तेल. आतून खाल्लेले गळ तो बोटांनी मोडून टाकू लागला तेव्हा मला राहवेना. किसनचे आहेत, ठेवा की, मी म्हणालो.

"किसनचं हाय म्हनून शिंगाळा दया करंल व्हय?" तो म्हणाला. बारा उरले. ते त्याच दिवशी दोराला बांधून डोहात गेले.

चार वर्षांनी माझी परळीला बदली झाली. निरोपाला गेलो तेव्हा दोराला नऊ गळ होते. माझा मामावर फार जीव होता. आठवण म्हणून मी त्यातला एक मागितला. मामा मला कशालाच नाही म्हणत नसे.

"न्हाई मास्तर," तो म्हणाला. "तुमी त्यो भिंतीला टांगाल. हितं किसन रोज पान्यात जातोय. त्याला कशाला घरी बसवू?"