वन्सं आणि तांदळाचे शेंगोळे

मुलांनो, लातुरात जे जे नवं खाणं आलं ते सगळ्यांच्या आधी माझ्या नणंदबाईंनी, म्हणजे वन्संनी, खाल्लं आणि एकट्यानं कधीच खाल्लं नाही. भूकंपानंतरच्या वर्षांत गावोगावची मुलं शिकवणीसाठी लातुरात लोटली. त्यांच्यामागून मंचुरियन आलं, पिझ्झा आला, मोमो आले आणि प्रत्येकाच्या पहिल्या आठवड्यात वन्सं तिथं हजर. बसायच्या दारालगत, कारण डोक्यावर स्लॅब असेल तर एक पाय उंबऱ्याबाहेर हवा हा त्यांचा नियम. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायच्या. पहिला घास घेतला की तिच्याकडे वळून सांगायच्या, "आंबट हाय. तुला चालंल." मग गप्प व्हायच्या, कान द्यायच्या आणि हसायच्या.

ती खुर्ची त्यांच्या लेकीची. किल्लारीच्या भूकंपात ती बाराव्या वर्षी गेली, तेव्हा वन्सं माझ्याकडे लातूरला आल्या होत्या. पण त्यांनी तिला जाऊच दिलं नाही. दरवर्षी तिचं वय वाढवलं, दहावी केली, लग्न जुळवलं आणि "पोराकडची माणसं हलकी निघाली, वैनी" म्हणून मोडलंही. मध्यंतरी तिला चष्मा लागला. दर पितृपक्षात तुमचे आजोबा विनवायचे, "तिच्या नावानं एक पान वाढू दे. तिला सुटू दे, तूही सूट." त्या म्हणायच्या, "रोज माझ्यासंगं जेवती ती. पान कशाला?" हा घोर आजोबा जाताना माझ्यावर सोपवून गेले. मी शिस्तीची बाई, जन्मभर शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलेली. असल्या गोष्टी मानत नाही. तरी एकदा मोमोच्या दुकानात एका गृहस्थांनी त्या खुर्चीला हात लावून "इथं कुणी आहे का?" असं विचारलं, तेव्हा वन्संच्या आधी मीच "हो" म्हणाले.

आमच्या वरच्या खोलीत उमरीची एक मुलगी राहते. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते आणि थकली की कोरियन मालिका बघते. शिकवण्यांच्या गल्लीत कोरियन खाण्याचं दुकान निघालं, तेव्हा तीच आम्हाला घेऊन गेली. लालभडक रश्शात बोटाएवढ्या पांढऱ्या वळकट्या आल्या. वन्संनी चाखून निकाल दिला, "तांदळाचे शेंगोळे हायेत. हुलग्याची सर न्हाई. रस्सा गोड करून फसवायलेत." आंबवलेला कोबी हुंगून म्हणाल्या, "बरणी उन्हात ठेवायची इसरली बाई." मग चिकट भाताचे दोन वाडगे आले, एक त्यांनी रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. काड्यांनी खाणं काही जमेना. वैतागून त्यांनी दोन्ही काड्या लेकीच्या भातात उदबत्तीसारख्या उभ्या खोचल्या.

"आत्या, काढा त्या," मुलगी हळूच म्हणाली. "तिकडं फक्त मेलेल्या माणसाच्या भातात अशा लावतेत."

वन्सं आता वाडगा भिरकावतील असं वाटून मी त्यांचा हात धरला. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्या भाताची वाफ सरळ वर चालली होती. त्यांनी वाफेकडे बघत कान दिला. बराच वेळ दिला. या वेळी हसल्या नाहीत.

"ऱ्हाऊ दे," शेवटी म्हणाल्या. "पान हाय तिचं. मी वाढंना, तर बघा वैनी, कुठल्या मुलखातून मागून घेतलं."

तळहातावर पाणी घेऊन त्यांनी ते वाडग्याभोवती फिरवलं, हात जोडले. मुलगी रडायला लागली, तर तिलाच दटावलं, "रडू नको, खा. परीक्षा हाय तुझी."

अजूनही नवं दुकान निघालं की आम्ही जातो. वन्संच्या शेजारी आता मी बसते. पहिला घास घेऊन त्या मला सांगतात, तिखट आहे, खारट आहे. सांगून झालं की खाली बघून जेवू लागतात. ऐकायला थांबत नाहीत. इतकं शांत जेवण मला अजून सवयीचं झालेलं नाही.