भिंगकाकूंचं जर्मन

भिंगकाकूंच्या अंगात स्वस्थपणा असा नव्हताच. चष्म्याच्या कारखान्यात बावीस वर्षं भिंगं घासली म्हणून हे नाव. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या जर्मन शिकायला लागल्या, तेही एका यंत्रापायी. ते जुनं जर्मन यंत्र आधीचे मेस्त्री नुसत्या आवाजावरून लावायचे. मेस्त्री वारले आणि भिंगांच्या मधोमध बारीक वलयं उमटू लागली. हाताशी उरलं ते यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक. फोनकडून त्याचं भाषांतर करून घेतलं, तर ‘हाताला झोपाळ्यावर बसवा’ असं निघालं.

“राहू दे, मीच शिकते,” काकू म्हणाल्या.

दीड वर्ष भांडी घासताना त्या क्रियापदं घोकत होत्या. नवरा वैतागून म्हणे, “अगं, निदान भांडण तरी आपल्या भाषेत कर!”

अखेर सातव्या प्रकरणातला आकड्यांचा तक्ता त्यांना उमगला. त्याबरहुकूम त्यांनी यंत्राच्या दांड्याचा झोका बसवला. वलयं उलट वाढली. मालकांनी सांगून टाकलं, “शनिवारी भंगारवाला येतोय. काकू, तुम्ही पुष्कळ केलंत.”

गुरुवारी काकूंच्या पायाला नुसती भिंगरी. जेवणाच्या सुट्टीत त्या पुस्तक घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या आणि दुसरं काही सुचेना म्हणून पहिल्या पानापासून वाचू लागल्या. कारखान्यात ही पानं कुणी उघडतच नाही. अभिनंदन, आभार, हात धुवा, असलंच काहीतरी असतं त्यात. तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: सातव्या प्रकरणातला तक्ता फक्त चार हजार क्रमांकापर्यंतच्या यंत्रांसाठी. त्यापुढच्या यंत्रांचे आकडे शेवटच्या पानावर.

काकू यंत्राकडे धावल्या. फडक्याने तेल पुसून पाटी वाचली. चार हजार एकशे सतरा.

मालकांच्या खोलीत त्या दार न वाजवताच शिरल्या. “यंत्राचा दोष नाही. मी चुकीचा तक्ता लावला.”

“दीड वर्ष शिकून?”

“सातवं प्रकरण पाठ केलं. पहिली पानं सोडून दिली.”

मालक हसले नाहीत. “मग भंगारात कुणाला देऊ, यंत्राला की तुम्हाला?”

“आधी यंत्र लावू द्या. मग काय ते ठरवा.”

“पाच वाजेपर्यंत. वलय नसलेलं एक भिंग दाखवा, बस्स.”

पहिली तीन भिंगं वाया गेली. काकू शेवटच्या पानावरचे आकडे पाहून दांडा पुन्हा पुन्हा लावत होत्या. स्क्रू हातातून दोनदा निसटला. चौथ्या भिंगाला पुसटसं वलय होतं. पाचवं त्यांनी स्वतः पाहिलंच नाही, थेट मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि माघारी फिरल्या.

मालकांनी ते दिव्याखाली धरलं. फिरवलं, पालथं केलं, पुन्हा फिरवलं. मग फोन उचलून भंगारवाल्याला म्हणाले, “शनिवारी येऊ नका.”

काकूंनी तोवर सहावं भिंग चढवलं होतं.